यकृताच्या कर्करोगाचा रक्तवाहिन्यांतील प्रवेश : प्रक्रिया आणि परिभाषा

१. प्रयोजन

वैद्यकातील एका प्रक्रियेविषयी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लिहावे, याचे प्रयोजन प्रारंभीच स्पष्ट करणे अवश्य आहे. पारिभाषिक शब्द म्हणजे वस्तूला लावलेली केवळ चिठ्ठी, असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु संज्ञा क्रियावाचक असेल, तर तिच्या पोटात एक संपूर्ण वाक्य दडलेले असते. 'आक्रमण' असे म्हणताच आक्रमण करणारा कोणी एक, ते सोसणारा कोणी दुसरा आणि मोडली जाणारी एक सीमा, एवढी सामग्री मनात आपोआप उभी राहते. ही सामग्री वस्तुस्थितीशी जुळत असेल, तर संज्ञा अभ्यासकाला साहाय्यभूत होते. ती जुळत नसेल, तर डोळ्यांसमोरची गोष्टही त्याच्या लक्षात येणे कठीण होते.

या विधानाची परीक्षा करावयाची, तर यकृताचा कर्करोग हे एक उत्तम उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षी जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार रुग्ण त्या रोगाने दगावले. या दोन आकड्यांतील अंतर किती थोडे आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या रोगाच्या घातकतेचे एक प्रमुख कारण असे की, त्याच्या पेशी रक्तवाहिन्यांत लवकर शिरतात आणि तेथून पसरतात. ही क्रिया नेमकी कशी घडते आणि तिचे वर्णन कोणत्या शब्दांनी करावे, हे दोन प्रश्न वरवर पाहता भिन्न दिसतात. ते परस्परांत किती गुंतलेले आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यकृताच्या मूळ कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के कर्करोग यकृताच्या मुख्य कार्यकारी पेशींपासून, म्हणजे यकृतपेशींपासून, उद्भवतात. पुढील सर्व विवेचन या प्रकारापुरतेच आहे.

२. नावाचा इतिहास

या रोगाच्या नावातच रक्तवाहिन्या आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ग्रीक वैद्यांनी घातक गाठीला खेकड्याचे नाव दिले. पहिल्या शतकात सेल्ससने त्याचा लॅटिन पर्याय रूढ केला, आणि दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याने त्या नावाची उपपत्ती सांगितली. गाठीच्या दोन्ही बाजूंना फुगून पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असे त्याचे म्हणणे. आपला 'कर्करोग' हा शब्द त्याच पाश्चात्त्य नावाच्या अनुकरणाने घडविलेला आहे. संस्कृत 'कर्क' किंवा 'कर्कट' हे शब्द ग्रीक शब्दाचे सगोत्र मानले जात असले, तरी रोगाचे नाव म्हणून ते आपल्याकडे परंपरेने आलेले नाहीत. सुश्रुताचा शब्द 'अर्बुद' हा आहे. एका अर्बुदावर किंवा त्याच्या जोडीने दुसरे अर्बुद उत्पन्न होते, या अवस्थेलाही सुश्रुतसंहितेत 'अध्यर्बुद' आणि 'द्विरर्बुद' अशी नावे आहेत. परंतु एका गाठीपासून दुसरी गाठ कोणत्या मार्गाने होते, याचे विवेचन त्या नावांत नाही.

तो मार्ग रक्तवाहिन्यांचा असू शकतो, हे एकोणिसाव्या शतकात स्पष्ट होऊ लागले. १८२९ मध्ये जोझेफ रेकामिए या फ्रेंच वैद्याने कर्करोगाचा शिरांमध्ये होणारा प्रवेश वर्णिला आणि दूरस्थ प्रसारासाठी 'स्थान बदलणे' अशा अर्थाचा ग्रीक शब्द योजिला. पुढे १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील टॉमस अ‍ॅशवर्थ यांनी एका मृत रुग्णाच्या रक्तात गाठीतील पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. म्हणजे गाठीपासून रक्तात आणि रक्तातून दुसऱ्या गाठीत, हा प्रवास तत्त्वतः मान्य झाला. पेशी रक्तात शिरते कशी, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. त्याचे उत्तर समजण्यासाठी प्रथम यकृताची रक्तव्यवस्था थोडक्यात पाहिली पाहिजे.

३. यकृताची रक्तव्यवस्था

शालेय पुस्तकांतून आपण 'रोहिणी' आणि 'नीला' ही नावे शिकलेलो आहोत. हृदयाकडून अवयवाकडे रक्त नेणारी ती रोहिणी आणि अवयवाकडून हृदयाकडे रक्त आणणारी ती नीला. दोन्ही नावे रंगावरून पडली आहेत. एक तांबडी, दुसरी निळी. बहुतेक अवयवांत रक्त रोहिणीने येते आणि नीलेने जाते. यकृत हा या नियमाला मोठा अपवाद आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त एका नीलेनेच येते. आतडी, जठर व प्लीहा यांचे रक्त गोळा करून यकृताच्या द्वारातून आत नेणारी ही नीला होय. मराठीत तिला 'प्रवेशिका नीला' असे अन्वर्थक नाव आहे. उरलेले सुमारे एक चतुर्थांश रक्त यकृत-रोहिणी आणते. दोन्ही प्रवाह यकृताच्या आत एकत्र होतात आणि यकृत-नीलांच्या वाटे अधोमहानीलेत, तेथून हृदयाच्या उजव्या भागात व पुढे फुप्फुसात जातात.

हे दोन प्रवाह ज्या अतिसूक्ष्म मार्गांत मिसळतात, त्यांना आपण येथे 'रक्तकोटरिका' म्हणू. त्यांची रचना इतर केशवाहिन्यांहून वेगळी आहे. त्यांच्या अस्तराच्या पेशींना बारीक छिद्रे असतात आणि अस्तराखाली इतरत्र आढळणारी सलग आधारपटली येथे जवळजवळ नसते. यामुळे रक्तातील द्रव सहज झिरपून यकृतपेशींपर्यंत पोहोचतो. मात्र या छिद्रांचा व्यास मायक्रॉनचा साधारण दहावा ते पाचवा भाग एवढाच असतो आणि यकृतपेशीचा व्यास २० ते ३० मायक्रॉन असतो. म्हणजे ही चाळण द्रवासाठी आहे, पेशीसाठी नव्हे. यकृताच्या अस्तरात छिद्रे आहेत म्हणून कर्कपेशी त्यांतून सहज निसटतात, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

हा कर्करोग बहुधा निरोगी यकृतात होत नाही. ब किंवा क प्रकारच्या विषाणूंमुळे होणारी जुनी कावीळ, मद्य, यकृतातील अतिरिक्त मेद इत्यादी कारणांनी यकृत वर्षानुवर्षे जखमी होत राहते, त्यात तंतू वाढतात आणि शेवटी सिऱ्हॉसिसची, म्हणजे तंतुमय काठिण्याची, अवस्था येते. या काळात रक्तकोटरिकाही बदलतात. त्यांची छिद्रे बुजू लागतात व अस्तराखाली पटल तयार होते. शाफनर आणि पॉपर यांनी १९६३ मध्ये या बदलाचे वर्णन केले आहे. ज्या भूमीवर कर्करोग उगवतो, ती भूमी अशी आधीच पालटलेली असते.

गाठ वाढू लागली की आणखी एक पालट घडतो. निरोगी यकृत मुख्यतः प्रवेशिका नीलेच्या रक्तावर पोसले जाते, तर वाढलेली कर्काची गाठ जवळजवळ सर्वस्वी रोहिणीच्या रक्तावर पोसली जाते. हे रक्त गाठीतून बाहेर कोठे पडते, हा प्रश्न आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आवरण असलेल्या गाठींच्या अभ्यासात असे दिसून आले की, गाठीतील रक्ताला बाहेर पडण्याची वाट पुष्कळदा प्रवेशिका नीलेच्या लगतच्या सूक्ष्म शाखा पुरवितात. ज्या शाखांनी एरवी रक्त आत आणावे, त्याच आता गाठीचे निर्गममार्ग होतात. अशा शाखेत उतरलेली कर्कपेशी प्रवाहाबरोबर पुन्हा यकृताच्याच दुसऱ्या भागात जाऊन पडते. यकृताच्या कर्करोगाचा प्रसार प्रथम यकृतातच का होतो, याचा पुष्कळसा उलगडा या एका गोष्टीने होतो.

४. पहिला मार्ग : भेदन

पेशी रक्तवाहिनीत शिरते कशी, याचे जे उत्तर दीर्घकाळ सर्वमान्य आहे, त्याला आपण भेदनाचा मार्ग म्हणू. त्याचे टप्पे असे सांगता येतील.

प्रथम पेशीचे शेजारणींशी असलेले बंध सैल होतात. यकृतपेशी ज्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात, त्यांत ई-कॅडहेरिन हे प्रमुख आहे. गाठीतील प्राणवायूचा तुटवडा, तंतुमय झालेल्या यकृतात विपुल असणारा टीजीएफ-बीटा हा वाढघटक इत्यादींच्या प्रभावाने स्नेल, ट्विस्ट यांसारखी नियंत्रक प्रथिने पेशीत सक्रिय होतात आणि ई-कॅडहेरिनची निर्मिती दाबून टाकतात. एरवी एका जागी बांधलेली, फरसबंदीतील दगडासारखी बसलेली पेशी आता लांबट, सुटी व चालती होते.

दुसऱ्या टप्प्यात मार्ग मोकळा केला जातो. पेशीभोवतीचे तंतू व पटले यांचे विघटन करणारी विकरे, विशेषतः मेटॅलोप्रोटिनेज वर्गातील दोन आणि नऊ क्रमांकांची, कर्कपेशी स्वतः स्रवतात किंवा आसपासच्या पेशींकडून स्रवून घेतात. ही शेजारपाजारची मदत दुर्लक्षिण्याजोगी नाही. यकृतातील ताराकृती पेशी व भक्षकपेशी एरवी यकृताच्या रक्षणाचे व डागडुजीचे काम करतात. गाठीच्या सान्निध्यात मात्र त्यांतील पुष्कळ पेशी गाठीला अनुकूल असे पदार्थ स्रवू लागतात.

तिसऱ्या टप्प्यात पेशी वाहिनीच्या अस्तरातील दोन पेशींमधून वाट काढून रक्तात उतरते. गाठीसाठी नव्याने वाढलेल्या वाहिन्यांचे अस्तर विस्कळीत व गळके असल्याने हे काम सोपे होते.

या वर्णनातील वाक्यांचे व्याकरण पाहावे. पेशी सुटते, पेशी मार्ग खोदते, पेशी वाट काढते. कर्ता सर्वत्र पेशीच आहे. वाहिनी हे कर्म आहे किंवा अधिकरण आहे. आपल्या वैयाकरणांनी क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र असतो त्याला कर्ता म्हटले. त्या अर्थाने या मार्गात पेशीचे कर्तृत्व निर्विवाद दिसते, आणि 'आक्रमण' ही संज्ञा येथे शोभते. हे वर्णन चुकीचे नाही. त्याच्या प्रत्येक टप्प्याला प्रयोगांचा आधार आहे. परंतु ते संपूर्ण आहे काय?

५. दुसरा मार्ग : वेष्टन

ते संपूर्ण नाही, असे दाखविणारा पुरावा गेल्या दोन-अडीच दशकांत पुढे आला. जपानमधील ताकाशी सुगिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा एक नमुना वर्णिला. त्यात कर्कपेशी भिंत भेदून रक्तात शिरत नव्हत्या. गाठीतील रक्तमार्गांचे अस्तर पेशींच्या पुंजक्यांना सर्व बाजूंनी वेढून घेत होते, आणि असे वेढलेले पुंजके तुटून, अस्तराच्या पिशवीसकट, रक्तप्रवाहात पडत होते. पुढे त्यांनी हीच घटना यकृताच्या कर्करोगातही दाखवून दिली.

२०१५ मध्ये चीनमधील ग्वांगजौ येथील फांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा अधिक खोलात जाऊन अभ्यास केला. रुग्णांच्या काढलेल्या गाठींच्या पातळ कापांत वाहिन्यांच्या अस्तराला रंग देऊन पाहिले असता, काही गाठींत त्यांना वाहिन्यांचे जाळे दिसले. जाळ्याच्या प्रत्येक घरात पेशींचा एकेक पुंजका बंदिस्त होता. अशा गाठींच्या रुग्णांत रोगाचा प्रसार व पुनरुद्भव अधिक आढळला. प्रसाराच्या वाटेवर, वाहिन्यांच्या आत सापडलेले पुंजकेही अस्तराने वेढलेले होते.

या संशोधकांनी उंदरांवर केलेले दोन प्रयोग निर्णायक ठरतात. पहिल्यात त्यांनी स्नेल आणि त्याच वर्गातील स्लग या, पेशीला सुटी करणाऱ्या, प्रथिनांची निर्मिती दाबली. ज्या गाठींत असे जाळे नव्हते त्यांचा प्रसार यामुळे मंदावला; जाळे असलेल्या गाठींच्या प्रसारावर मात्र काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या प्रयोगात कर्कपेशींतील अँजिओपोएटिन-२ हा घटक दाबला. रक्तवाहिन्यांच्या घडणीवर परिणाम करणारा हा घटक नाहीसा होताच जाळे तयार होईना आणि प्रसारही खुंटला.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. या दुसऱ्या मार्गात पेशीला शेजारणींपासून सुटे व्हावे लागत नाही, आपले रूप पालटावे लागत नाही, की भिंत फोडावी लागत नाही. ती आपल्या पुंजक्यात असते तशीच राहते. वाहिनी तिच्याभोवती वाढते आणि तिला आत घेते. म्हणजे वाक्याचा कर्ता बदलला. 'पेशी वाहिनीत शिरते' याऐवजी 'वाहिनी पेशींना वेढते' असे म्हणणे भाग पडले. अर्थात, अँजिओपोएटिन-२ कर्कपेशीच पुरवितात. तेव्हा पेशी सर्वथा निष्क्रिय आहे असे नव्हे. मराठी व्याकरणाच्या भाषेत तिला प्रयोजक म्हणता येईल. ती वेढून घेते असे नसून वेढवून घेते. प्रत्यक्ष क्रिया करणारी मात्र वाहिनीच होय.

'आक्रमण' या शब्दाने ज्याचे मन व्यापले आहे, त्या निरीक्षकाला वाहिनीच्या आत पेशी दिसताच त्या भिंत फोडून आल्या असल्या पाहिजेत, असे अनुमान करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. संज्ञा येथे निष्कर्ष आधीच सांगून मोकळी होते. काचपट्टीवर जे प्रत्यक्ष दिसते ते एवढेच : वाहिनीच्या आत पेशी आहेत. त्या कशा आल्या, हा पुढचा व वेगळा प्रश्न आहे.

६. प्रवाहातील प्रवास आणि नवी वसती

रक्तात उतरलेल्या पेशीचा पुढील मार्ग सुरक्षित नसतो. प्रवाहाचा ताण, प्रतिकारक पेशींचे हल्ले आणि आधार तुटल्यामुळे ओढवणारा मृत्यू यांत बहुसंख्य पेशी नष्ट होतात. आयझेया फिडलर यांनी १९७० मध्ये उंदरांच्या शिरेत चिन्हांकित कर्कपेशी टोचून त्यांचा मागोवा घेतला; त्यांतून नव्या गाठी उत्पन्न करणाऱ्या पेशींचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी भरले. ज्या वाचतात त्यांना रक्तातील बिंबिकांचे कवच साहाय्य करते. पुंजक्याने जाणाऱ्या पेशी एकट्या पेशींपेक्षा अधिक टिकतात. अस्तराच्या पिशवीसह जाणाऱ्या पुंजक्याला जोडीला आणखी एक आवरण लाभते, हे उघड आहे.

पेशी कोठे स्थिरावते, याविषयी दोन मते प्रसिद्ध आहेत. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि दुय्यम गाठींची वाटणी यदृच्छेने होत नाही असे दाखविले. बीज सर्वत्र पडले, तरी अनुकूल भूमीतच रुजते, हा त्याचा सिद्धांत. उलट, १९२८ मध्ये जेम्स यूइंग या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने रक्तप्रवाहाच्या दिशेवर भर दिला. प्रवाह जेथे नेईल तेथे बीज पडेल, असे त्याचे मत.

यकृताच्या कर्करोगात या दोन्ही मतांना जागा आहे. प्रवेशिका नीलेत उतरलेल्या पेशी यकृतातच राहतात, कारण प्रवाह तेथेच नेतो. यकृत-नीलेत उतरलेल्या पेशी हृदयामार्गे फुप्फुसातील केशवाहिन्यांत अडकतात. यकृताबाहेरील प्रसाराचे सर्वांत सामान्य ठिकाण फुप्फुसच आहे. येथवर यूइंगचे मत पुरेसे होते. परंतु लसीकाग्रंथी, अस्थी आणि अधिवृक्क ग्रंथी यांतही दुय्यम गाठी आढळतात; त्यांचा विचार केवळ प्रवाहाच्या दिशेने पुरा होत नाही, तेथे भूमीचा गुणही पाहावा लागतो.

७. सूक्ष्म आणि स्थूल प्रवेश

व्यवहारात वैद्य या प्रवेशाचे दोन भेद करतात. डोळ्यांनी किंवा क्ष-किरणादी प्रतिमांत दिसत नाही, केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो, तो सूक्ष्म प्रवेश. निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी एकत्र पाहता काढलेल्या गाठींपैकी १५ ते ५७ टक्के गाठींत तो आढळला आहे. टक्केवारीतील एवढी तफावत रुग्णांच्या भिन्नतेमुळे जशी आहे, तशीच 'सूक्ष्म प्रवेश' कशाला म्हणावे याविषयीच्या मतभेदामुळेही आहे. व्याख्येची शिथिलता आकड्यांत कशी उतरते, याचे हे उदाहरण होय. गाठ संपूर्ण काढून टाकली तरी सूक्ष्म प्रवेश झालेला असल्यास रोग पुन्हा उद्भवण्याचा संभव बराच वाढतो. दुर्दैवाने शस्त्रक्रियेपूर्वी तो निश्चितपणे कळत नाही. गाठ काढून तपासल्यावरच कळतो.

मोठ्या वाहिनीत शिरून प्रतिमेत दिसू लागतो, तो स्थूल प्रवेश. प्रवेशिका नीलेत कर्काचा गठ्ठा किती दूरवर पोहोचला, यावरून जपानी वैद्यांनी त्याच्या चार पायऱ्या केल्या आहेत. पहिलीत तो दूरच्या लहान शाखांत असतो, चौथीत मुख्य खोडात. मुख्य खोड तुंबले की यकृताचे पोषण घटते, मागील बाजूस रक्ताचा दाब वाढतो, अन्ननलिकेतील शिरा फुगून रक्तस्राव होऊ शकतो आणि पोटात पाणी साठते. रुग्णाचे आयुष्य अशा वेळी बहुधा महिन्यांत मोजावे लागते.

उपचाराचा निर्णय या भेदावर अवलंबून असतो. १९९६ मध्ये व्हिन्चेन्झो मात्साफेर्रो आणि सहकाऱ्यांनी मिलान येथून यकृतारोपणाचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत एकच गाठ असल्यास ती ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी असल्यास प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत असावी, आणि मोठ्या वाहिनीत प्रवेश नसावा, असे म्हटले आहे. हे निकष आजही आधारभूत मानले जातात. स्थूल प्रवेश झालेला रुग्ण त्यानुसार आरोपणास अपात्र ठरतो.

शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांसाठी २००८ मध्ये सोराफेनिब हे औषध उपयुक्त ठरले. मोठ्या चाचणीत मध्यक आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेले. २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीने त्याहून चांगला परिणाम दाखविला. एक वर्षानंतर ६७.२ टक्के रुग्ण जिवंत होते, सोराफेनिबच्या गटात ५४.६ टक्के. या जोडीतील दुसरे औषध वाहिन्यांच्या वाढीला चालना देणाऱ्या घटकाला अडविते, आणि सोराफेनिबच्या अनेक लक्ष्यांतही वाहिन्यांची वाढ हे एक आहे. या संदर्भात फांग व सहकाऱ्यांचे २०१९ मधील निरीक्षण बोलके आहे. त्यांच्या रुग्णांपैकी ज्यांच्या गाठींत वेष्टनाचे जाळे होते, त्यांना सोराफेनिबचा लाभ झाला. ज्यांच्या गाठींत ते नव्हते, त्यांना तसा लाभ दिसला नाही. अशा निरीक्षणावरून उपचाराचा नियम ठरविता येत नाही. तथापि प्रश्न कोणता विचारावयाचा, ते त्याने दाखविले आहे. सुट्या होऊ पाहणाऱ्या पेशीला अडविणारे औषध वेष्टनाच्या मार्गावर निष्फळ ठरावे, आणि वाहिनीला अडविणारे औषध तेथे उपयोगी पडावे, हे तर्काला धरूनच आहे. कर्ता कोण, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्याकरणाचा राहत नाही.

८. परिभाषेविषयी काही सूचना

वरील विवेचनावरून मराठी परिभाषेसंबंधी तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, 'आक्रमण' या संज्ञेविषयी. ती सरसकट न वापरता, जे प्रत्यक्ष दिसते त्याला 'वाहिनीप्रवेश' असे तटस्थ नाव द्यावे, आणि प्रवेशाची रीत सिद्ध झाल्यावर 'भेदन' किंवा 'वेष्टन' असा भेद करावा. 'प्रवेश' या शब्दात प्रवेश करणे आणि प्रवेश मिळणे, दोन्हींना वाव आहे. शिवाय 'प्रवेशिका' या रूढ शब्दाशी त्याचा मेळ बसतो.

दुसरी, विभक्तीविषयी. 'यकृताचा कर्करोग' आणि 'यकृतातील कर्करोग' हे प्रयोग आपण समानार्थी समजून वापरतो. परंतु मोठ्या आतड्याचा कर्करोग प्रवेशिका नीलेच्या वाटे यकृतात येऊन वसतो, तेव्हा तो यकृतात असूनही यकृताचा नसतो. उलट, फुप्फुसात गेलेली यकृताची कर्कपेशी फुप्फुसात राहूनही यकृताचीच राहते. क्वचित तेथेही ती पित्त निर्माण करताना आढळते. जुन्या पोथीतील प्रक्षिप्त ओवी जशी आपल्या भाषेवरून मूळ कर्त्याची नव्हे हे ओळखू येते, तशीच ही पेशी ओळखू येते. या दोन रोगांचे उपचार भिन्न आहेत. म्हणून उगमासाठी षष्ठी आणि स्थानासाठी सप्तमी, हा नियम मराठी वैद्यकीय लेखनात कटाक्षाने पाळावा.

तिसरी सूचना रुग्णाशी होणाऱ्या संभाषणाविषयी. 'रोग रक्तात गेला आहे' असे वाक्य ऐकणाऱ्याला रक्ताचाच कर्करोग झाला, असा समज होण्याचा संभव असतो; तो तर सर्वस्वी निराळा रोग. 'यकृतातील गाठीच्या पेशी रक्ताच्या नळीत शिरल्या आहेत' हे वाक्य थोडे लांब आहे, परंतु त्यात उगम, वस्तू आणि स्थान ही तिन्ही स्पष्ट आहेत. ज्याला आपल्या आप्ताविषयी निर्णय घ्यावयाचा आहे, त्याला हे तिन्ही समजण्याचा अधिकार आहे.

९. उपसंहार

यकृताच्या कर्करोगाचा प्रसार म्हणजे एकट्या पेशीच्या पराक्रमाची कथा नव्हे. यकृताची दुहेरी रक्तव्यवस्था, तंतुमय झालेली भूमी, उलटलेले निर्गममार्ग, वाहिनीचे अस्तर आणि प्रवाहाची दिशा या सर्वांचा त्यात वाटा आहे. भेदन आणि वेष्टन हे दोन मार्ग एकाच गाठीत शेजारी-शेजारीही असू शकतात. कोणत्या रुग्णात कोणता मार्ग प्रबळ आहे, हे आधी ओळखता येणे हे पुढील संशोधनापुढचे कार्य आहे. ते वैद्यकाचे कार्य आहे, भाषाशास्त्राचे नव्हे. भाषेच्या अभ्यासकाने एवढेच करावे की, निरीक्षण आणि अनुमान एकाच शब्दात कोंबले गेले आहेत असे दिसेल, तेथे ती दोन वेगळी करून दाखवावीत. आपल्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही शास्त्रातील एक क्रियावाचक संज्ञा घेऊन, तिच्यातील अध्याहृत कर्ता कोण आणि तो तेथे कोणत्या पुराव्याने आला, याचा शोध घेतल्यास परिभाषेच्या अभ्यासाला उपयुक्त सामग्री मिळेल, असा विश्वास वाटतो.